खोटें बोलणारा कांटा



वैद्याच्या पायरीवर पाऊल ठेवतांच दुखणें नाहींसें व्हावें आणि घरीं परततांच पुन्हां कण्हणें सुरू व्हावें, असा रोगी आपण सर्वांनीं पाहिला आहे. जुन्या मोटारींचे कांहीं आजार नेमके याच जातीचे असतात. गॅरेजांत नेली कीं दोष नाहीं. रस्त्यावर आली कीं दोष हजर. असा लपंडाव खेळणारा दोष कसा शोधावा, याविषयीं आज चार शब्द सांगणार आहें.

माझा एक भाचा इंग्लंडांत असतो. त्याच्यापाशीं पन्नास वर्षांहून जुनी, दोन आसनांची एक स्पोर्ट्स मोटार आहे. गेल्या उन्हाळ्यांत मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां त्या गाडीच्या तापदर्शकाचें विचित्र वर्तन पाहिलें. गाडी नीट चालत असतां एकाएकीं कांटा हळूहळू चढे आणि तांबड्या खुणेशीं जाऊन बसे. थांबून झांकण उघडावें, तर ना वाफ, ना वास. परत निघण्यासाठीं दार धाडकन् लावावें, तों थोड्या वेळानें कांटा आपल्या जागीं! एका कारागिरानें प्रथम इंजिनावरील सेन्सर बदलला, मग थर्मोस्टॅट बदलला, शेवटीं तापदर्शकही बदलला. तीन वेळां पैसे गेले. दोष होता तेथेंच राहिला. अखेर भाचा वैतागून म्हणाला, "मामा, हा कांटा खोटारडा आहे. मी आतां त्याच्याकडे पाहतच नाहीं."

हें वाक्य ऐकून मात्र मी धास्तावलों. उद्यां इंजिन खरोखरच तापलें, तर सिलिंडरचें डोकें वांकडें होईल, त्याखालचें गॅस्केट जळेल आणि गाडी भर रस्त्यांत कायमची बसेल. खोट्या सूचनेनें होणारें खरें नुकसान हेंच, कीं ती आपणांस खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करावयास शिकविते.

शाळेंत असतां मीं एक नियम पाळीत असें. वर्गांत कांच फुटली तर नेहमींच्या खोडकर मुलाला शिक्षा करण्यापूर्वीं त्या वेळीं आणखी काय काय घडलें, तें विचारावें. तोच प्रश्न मीं भाच्याला केला. "हा कांटा चढतो, तेव्हां दुसरें काय बिघडतें?" त्याला सांगतां येईना. मग आम्हीं एक वही गाडींत ठेवली आणि वेळ, रस्ता, पाऊस, दिवे व इतर कांटे यांची नोंद करूं लागलों. चार दिवसांत उलगडा झाला. खडबडीत रस्त्यावर तापाचा कांटा चढला कीं पेट्रोलचा कांटाही चढत असे! धावत्या गाडींत पेट्रोल वाढणें तर शक्य नाहीं. म्हणजे अपराध दोहोंपैकीं एकाचा नसून दोहोंच्या सामाईक मालकाचा होता.

हा मालक कोण, तें समजण्यासाठीं या गाड्यांची रचना थोडी पाहूं. १९६२ ते १९८० या काळांत निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर घ्या. ती ज्या हेरल्डच्या सांगाड्यावरून घडविली, त्या हेरल्डची भारतीय आवृत्ति १९६१ पासून मद्रासेस तयार होऊं लागली, हें वडीलधाऱ्यांस आठवत असेल. अशा गाड्यांत बॅटरी १२ व्होल्टची असते आणि इंजिन चालू असतां दाब १४ पर्यंत जातो. हा चढउतार कांट्यांस बाधूं नये म्हणून डॅशबोर्डामागें एक लहानसा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. त्याच्या पोटांत दोन धातूंची जोडपट्टी व तिच्याभोंवतीं तापणारी तार असते. पट्टी तापून वांकते, प्रवाह तुटतो. निवते, पुन्हां जोडला जातो. या उघडझांपेमुळें दोन्ही कांट्यांस सरासरी १० व्होल्ट मिळतात. परंतु त्या तारेचा प्रवाह स्टॅबिलायझरच्या पत्र्यांतून गाडीच्या अंगांत उतरतो. ही अर्थिंग तुटली, कीं तार तापत नाहीं, पट्टी वांकत नाहीं, आणि संपूर्ण दाब कांट्यांवर येतो. दोघेही वर चढतात!

आम्हीं बॅटरी सोडवून डॅशबोर्डामागें हात घातला. स्टॅबिलायझरचा एकुलता स्क्रू गंजून सैल झाला होता. धक्का बसला कीं तो संबंध सोडी, दार आपटलें कीं पुन्हां जोडी. पॉलिशकागदानें पत्रा घांसला, स्क्रू घट्ट केला; काम झालें.

एकटा तापाचाच कांटा बिघडला असेल, तर विचार निराळा. सेन्सरांतील पदार्थाचा रोध पाणी तापेल तसा घटतो. प्रवाह वाढतो व कांटा चढतो. म्हणून सेन्सरची तार काढतांच कांटा थंड बाजूस उतरला पाहिजे. तार काढूनही तो वरच राहिला, तर तार वाटेंत कोठें तरी सोलून पत्र्यास लागत आहे. तार ठीक असेल, तर सेन्सर काढून पाण्याच्या भांड्यांत थर्मामीटरसह तापवावा आणि मल्टिमीटरनें रोध पाहावा. तो सारखा उतरत गेला पाहिजे. मध्येंच उडी मारली, तर सेन्सर दोषी. दिवे मंद होणें, स्टार्टर कण्हणें हींही लक्षणें असतील, तर इंजिन व गाडीचें अंग यांस जोडणारी अर्थिंगची पट्टी प्रथम पाहावी. इंजिन रबरावर बसलेलें असल्यामुळें ही पट्टीच त्याचा मुख्य परतीचा मार्ग होय. एक सावधगिरी: १९६७ पूर्वींच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोंक अंगास जोडलेलें असे. नवें यंत्र जोडण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चढलेल्या कांट्यापेक्षां अकस्मात् उतरलेला कांटा अधिक भयंकर असूं शकतो. इंजिनांतील पाणी गळून गेलें, तर सेन्सर उघडा पडतो आणि इंजिन भाजत असतांही कांटा थंडपणा दाखवितो. असा कांटा पडतांच गाडी थांबवावी, इंजिन बंद करावें. आणि इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचें टोपण मुळींच उघडूं नये. दाबाखालचें उकळतें पाणी तोंडावर येतें.

भाच्याच्या गाडीवर आम्हीं दुरुस्तीनंतर दोन आठवडे वही चालू ठेवली. कांटा एकदांही खोटें बोलला नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत तो पुन्हां चढला. या वेळीं पेट्रोलचा कांटा स्तब्ध होता. भाच्यानें तत्काळ गाडी थांबविली. रेडिएटरची नळी चिरली होती व पाणी ठिबकत होतें. कांहीं आठवड्यांपूर्वीं तो त्या कांट्याकडे पाहतही नव्हता. त्या दिवशीं त्यानें पाहिलें, म्हणून इंजिन वांचलें.