पुळणीवरची लाट

पनवेलहून माथेरानकडे जातांना लागणाऱ्या सुकापुरांतून समुद्र दिसत नाहीं. पण सुटी लागली कीं पेण-वडखळच्या वाटेनें अलिबाग-काशीद गांठणारी तरुण मंडळी तेथें पुष्कळ. फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याचा मूळचा हवाई बेटांतील खेळ २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत शिरला; मंगळूरजवळ मुल्की येथें तो शिकवितात. तेव्हां नवशिक्यानें पाण्यांत कोठें व केव्हां उतरावें, हें सांगणें अवश्य झालें आहे.

खडकाळ किनारा त्यास वर्ज्य. मंद उताराची पुळण बरी. आपल्या उंचीच्या सुमारें सव्वापट खोलीचें पाणी लागलें कीं लाट फुटते. उतार मंद असेल तर ती सावकाश ढासळते; तीव्र असेल तर एकदम कोसळून माणसास वाळूवर आपटते.

भरतीची वेळ पंचांगावरून निघते. तिथीची पाऊणपट केली कीं स्थूलमानानें भरतीचा तास मिळतो: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईच्या बाजूस पाणी चार-पांच मीटर चढतें-उतरतें. अष्टमीच्या भांगाला ही हालचाल बरीच कमी. पावसाळ्यांत तर उतरूंच नये. कोळीसुद्धां नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात. दिवाळीनंतर सकाळीं मतलई वाऱ्यानें लाटेचें अंग गुळगुळीत राहतें. दुपारीं खारे वारे सुटले कीं तें विसकटतें. त्या दिवसांतील लाट लहान असते. वाकबगारास ती कंटाळवाणी वाटेल, शिकणारास तीच सोयीची.

खरा धोका मात्र फुटणाऱ्या लाटेंत नाहीं. किनाऱ्यावर चढलेलें पाणी वाळूच्या दोन उंचवट्यांमधील चरांतून वेगानें मागें फिरतें. चर खोल, म्हणून तेथें लाट फुटत नाहीं, फेस नसतो. पाहणारास ती जागा शांत वाटते आणि पोहतां न येणारीं माणसें नेमकीं तेथेंच उतरतात! पाण्याचा काळसर किंवा गढूळ पट्टा आणि समुद्राकडे वाहत जाणारा फेस-कचरा, ही तिची खूण. त्या ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे झगडूं नये. अंग पाण्यावर टाकावें, किनाऱ्यास समांतर सरकावें. फेसाळ लाटा लागल्या म्हणजे त्याच बाहेर आणतात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याहून मुरूडला सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. महिना शांत समुद्राचा, पुळण रम्य. खारे नि मतलई वारे भूगोलाच्या तासाला पाठ करवून घेणाऱ्या आपल्या शाळा सहलीच्या दिवशीं पंचांग उघडीत नाहींत, हें चमत्कारिक आहे. जाळें दुरुस्त करीत बसलेल्या कोळ्यास आज ओढ कोठें आहे, एवढें विचारण्यास कितीसा वेळ लागतो?

फळी दोरीनें पायास बांधलेली असावी. पहिले कांहीं दिवस पाणी कमरेवर जाऊं देऊं नये, एकट्यानें उतरूं नये, आणि उधाणाच्या दिवशीं ओहोटी लागली कीं फळी उचलून वाळूवर यावें.