घर विकायचंय? आधी ओल बघा

जुना वन बीएचके विकायचाय आणि हातात २०-२५ हजारच आहेत, तर पहिला खर्च रंगावर नको, ओलीवर करा. बाथरूमच्या टाइल्सच्या फटी भरा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग. ओल्या भिंतीवर रंग मारला की पोपडे सुटतातच. आणि ते झाकायला कपाट सरकवू नका हं! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीनं बघूनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायचा असतो. नवं किचन? सोडा, घेणारा आपल्या पसंतीनं करेल. गळका नळ, ढिली कडी मात्र नीट करा. शेअर सर्टिफिकेट अजून आजोबांच्या नावावर असेल, तर रंगाऱ्याच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा.