ताण, टोळी आणि रक्ताचा थेंब

अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की १९७८ साली केनियाच्या माळरानावर प्रथम गेले, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे वर्षानुवर्षे ते बबून माकडांच्या मागावर राहिले. फुंकनळीतून भुलीचा बाण सोडायचा, तोही माकडाची पाठ वळलेली असताना. अन्यथा भीतीनेच रक्तातील कॉर्टिसॉल वाढावयाचे आणि सारे मोजमाप व्यर्थ! वरचढांचा जाच सोसणाऱ्या नरांत हे संप्रेरक विश्रांतीच्या वेळीही चढलेले आढळे.

१९८०च्या दशकाच्या मध्यास एका पर्यटक निवासाच्या उकिरड्यावरील दूषित मांसातून क्षयरोग पसरला. तेथे झुंजून अन्न पळविणारे दांडगट नर मेले. टोळीतील जवळजवळ निम्मे नर गेले. उरले ते सौम्य प्रकृतीचे. यात नवल ते काय? नवल पुढेच आहे. १९९३पर्यंत हे सौम्य नरही उरले नव्हते, सारे नर बाहेरून आलेले. तरी टोळीची सौम्य रीत टिकून होती. तळाच्या नरांतही ताणाची ती रासायनिक खूण दिसेना. लिसा शेअर यांच्यासह सापोल्स्कींनी २००४ साली हे प्रसिद्ध केले. या टोळीतील माद्या नवागत नरांना इतरत्रापेक्षा फार लवकर जवळ करीत, त्यांचे अंग विंचरीत.