खमीर : एका घराण्याचा वारसा
(पालक मेळाव्यातील भाषण)



सातवीचा निकाल लागला की काही पालक मुलाचा दाखला मागायला येतात. "गुरुजी, घरचा धंदा आहे. आणखी शिकून काय करायचे?" असे ते विचारतात. त्यांना उत्तर म्हणून आज एका घराण्याची हकीकत सांगतो.

आपण चहाबरोबर पाव खातो, तो फुगतो खमीरामुळे. खमीर म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. ते पिठातील साखरेवर जगतात व वायू सोडतात. तो वायू पिठात कोंडतो आणि पाव हलका होतो.

चार्ल्स फ्लाइशमान हा मध्य युरोपातील ज्यू कुटुंबातला मुलगा. वडिलांचा धंदा खमीर व मद्य तयार करण्याचा. धंदा घरचाच होता, तरीही चार्ल्स बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि प्राग येथे शिकला. पुढे तो अमेरिकेत गेला. तेथील पाव त्याला मुळीच आवडला नाही. खमीर पातळ असे, त्याचा भरवसा नसे; पाव कधी आंबट, कधी दडस होई. दुसरा कोणी नाके मुरडून गप्प बसला असता. याने त्यातच आपले काम ओळखले.

भाऊ मॅक्झिमिलियन व जेम्स गॅफ नावाचा स्थानिक भागीदार यांच्यासह त्याने १८६८ मध्ये सिनसिनाटी शहरात कारखाना काढला. खमीर दाबून, पाणी काढून त्याच्या एकसारख्या वड्या केल्या. परंतु परक्याच्या नव्या मालावर लोक एकदम विश्वास ठेवीत नाहीत. तेव्हा १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी बेकरीच उभारली. लोकांनी पाव भाजताना पाहिला, ताजा पाव खाल्ला आणि घरोघरी त्या खमिराचे नाव झाले.

या घराण्याचे सारेच अनुकरणीय होते असे मी म्हणत नाही. मद्याचा व्यवसाय आपल्याला वर्ज्य आहे. पुढे खमीर खाल्ल्याने अनेक दुखणी जातात अशा जाहिराती कंपनीने केल्या, तेव्हा तेथील सरकारी व्यापार आयोगाला लगाम घालावा लागला. चांगल्या मालालाही खोट्या बोलण्याने कमीपणा येतो, हाही धडाच आहे.

घेण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. चार्ल्सचा भाऊ लुई न्यूयॉर्कमधील आपल्या बेकरीतून रात्री भुकेल्यांना पाव वाटत असे. त्यासाठी रांगा लागत. चार्ल्सचा मुलगा मॅक्स १९५१ मध्ये वारला. त्याच्या संपत्तीतून चाललेल्या प्रतिष्ठानाने शाळा, ग्रंथालये व इस्पितळे यांना मदत केली आणि त्याच्या इच्छेप्रमाणे सारा पैसा वाटून १९८० मध्ये काम संपवले. नेवाडा विद्यापीठातील तारांगण आजही त्या घराण्याचे नाव सांगते. कंपनी १९२९ मध्येच दुसऱ्या मोठ्या उद्योगात विलीन झाली. म्हणजे धंदा हातचा गेला, पण विद्येसाठी दिलेला पैसा कामी येतच राहिला.

पालकहो, खमीर चिमूटभर असते, पण परातभर पीठ फुगवते. शिक्षणाचेही तसेच आहे. घरचा धंदा मुलाला जरूर द्या. शाळेतून काढून मात्र देऊ नका. हिशेब, रसायन आणि चार भाषा शिकलेला मुलगा तोच धंदा तुमच्यापेक्षा पुढे नेईल. मुलींच्या बाबतीतही माझे हेच सांगणे आहे.

यंदा दाखला मागायला येण्यापूर्वी एकदा मला भेटा.