अतिदक्षता विभागाच्या दाराशी
(पेठ येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या मेळाव्यात अभ्यासाविषयी बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र अवघड विषय घेऊन उभा आहे, त्याबद्दल क्षमा असावी. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या तरुणाला अतिदक्षता विभागात ठेवावे का, ठेवले तर कुठवर, आणि हे कोणी ठरवावे?

हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या वयस्कांचा, अशी आपली समजूत. ती अर्धीच खरी. कधी धुराला न शिवलेल्या तरुण मुलामुलींनाही तो होतो. खोकला, ताप, वजन घटणे ही लक्षणे क्षयाशी जुळतात, म्हणून कित्येकदा बेडक्यात जंतू न सापडताही महिनोन्‌महिने क्षयाची औषधे चालतात. उतार पडला नाही तर डॉक्टरांना धीटपणे पुढचे विचारावे. मग एके रात्री श्वास कोंडतो आणि पोरगा थेट अतिदक्षता विभागाच्या दाराशी येतो.

तिथले श्वासयंत्र रोग बरा करीत नाही. ते वेळ मिळवून देते. म्हणून त्या वेळात काय घडू शकेल, एवढेच डॉक्टरांना विचारायचे. रोग नुकताच कळला असेल आणि गाठीच्या तपासणीत ईजीएफआर किंवा एएलके नावाचा जनुकीय बदल सापडला, तर त्यावर गोळ्या आहेत. यंत्रावर असताना अशी गोळी सुरू करून यंत्र सुटल्याची उदाहरणे आहेत. न्यूमोनिया झाला असेल किंवा छातीत पाणी साचले असेल, तर त्यावरही इलाज होतो. अशा वेळी ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकून हात टेकणे चूक. उलट, सगळी औषधे थकली, रोग पसरला, शरीर अंथरुणाला खिळले, तर यंत्र मरण लांबवते, आयुष्य नाही. पुष्कळ रुग्ण या दोहोंच्या मध्ये असतात. त्यांच्यासाठी, चार-पाच दिवस यंत्रावर ठेवून पाहू आणि मग पुन्हा बसून ठरवू, असे आधीच बोलून घ्यावे.

अमेरिकेतले मेंदूचे शल्यविशारद पॉल कलानिधी यांना २०१३ साली, छत्तिसाव्या वर्षी, हाच रोग झाला. जनुकीय बदलावरच्या गोळीने त्यांना काही काळ पुन्हा शस्त्रक्रिया करता आल्या. मार्च २०१५ मध्ये श्वास थकला तेव्हा घशात नळी घालण्यास त्यांनी स्वतः नकार दिला. घरची माणसे जवळ होती. मुलगी आठ महिन्यांची होती. ते डॉक्टर होते म्हणून हे जमले, असे कोणी म्हणेल. मला वाटते, त्यांना कोणीतरी विचारले होते, म्हणून जमले.

आपल्याकडे विचारत नाहीत. चोवीस वर्षांच्या एका रुग्णाच्या खोलीबाहेर त्याचे चुलते आणि भाऊ दोन तास वाद घालत होते, तो मी ऐकला आहे. मुलगा आत शुद्धीवर होता. त्याला रोगाचे नावही कोणी सांगितले नव्हते. संध्याकाळी नळी पडली, आणि विचारायची वेळ गेली. आईबापांची माया मी समजतो, पण अठरा वर्षांच्या मुलाचे मत घेणे ही मायाच आहे.

कायदा आता बराच सोपा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २०१८ मध्ये न्यायालयाने आगाऊ लेखी इच्छापत्र मान्य केले. २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसमोर करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित करता येते. इच्छापत्र नसले तरी, बरे होण्याची आशा नाही असे डॉक्टरांच्या दोन मंडळांनी ठरवले आणि घरच्यांनी संमती दिली, तर यंत्र काढता येते.

यंत्र काढणे म्हणजे जीव घेणे नव्हे का, असे आपल्या घरांतून हटकून विचारले जाते. १९८६ साली अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने, मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचे तज्ज्ञांनी सांगितल्यास यंत्र काढण्यास मुभा दिली. पण फुप्फुसाच्या रुग्णाचा मेंदू बहुधा जागा असतो, तेव्हा तो निर्णय जसाच्या तसा इथे लावू नये. डॉक्टरांचे म्हणणे नीट लिहून घेऊन जाणत्या उलेमांपुढे ठेवावे, आणि तेही घाई नसताना.

आता पेठचे बोलतो. नाशिक इथून पन्नासावर किलोमीटर, मध्ये घाट. पैसे संपले म्हणून सही करून, नळी काढून रुग्णाला घरी आणताना तो वाटेतच तडफडतो, हे सर्वांत वाईट. घरी आणायचेच असेल तर धाप कमी करणारे मॉर्फीन, प्राणवायू आणि ते कसे द्यायचे याची चिठ्ठी घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नये. मॉर्फीन म्हणजे नशा, ही भीती काढून टाका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते औषधच आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. आणि फाईलमध्ये तपासणीच्या कागदांवर एक साधा कागद ठेवावा: रोग कोणता, कोणती औषधे झाली, आणि मुलाने स्वतः काय सांगितले आहे. १०८ची गाडी रात्री दोन वाजता दाराशी येते, तेव्हा हे सगळे आठवून सांगणारे माणूस घरात असेलच असे नाही.