श्रद्धा सांगण्याची भीड



पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, आणि तेव्हापासून आकुर्डी, चिंचवड, भोसरी करीत करीत थेट चाकणपर्यंत जी औद्योगिक वसाहत पसरत गेली, तिच्यात पोटापाण्यासाठी नगर-जालन्याकडून आलेली कित्येक ख्रिस्ती कुटुंबेही स्थिरावली. या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, वीजवाटपाच्या एका जुन्या सोयीपायी, गुरुवारी असते. त्यामुळे रविवारच्या उपासनेस जाऊ इच्छिणाऱ्या कामगाराला पाळी बदलून मागावी लागते, आणि पाळी बदलून मागायची म्हणजे कारण द्यावे लागते. घरी पाहुणे यायचे आहेत, मुलाला बरे नाही, गावाकडे काम निघाले आहे, अशी नाना कारणे अर्जावर लिहिली जातात. परंतु चर्चमध्ये उपासनेस जावयाचे आहे, हे खरे कारण लिहिताना हात अडखळतो. वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर शेजारी उभे राहून काम करणाऱ्या, एकाच डब्यातील भाजी वाटून खाणाऱ्या सोबत्याला आपण कोणावर श्रद्धा ठेवतो हे ठाऊक नसावे, ही गोष्ट मला फार दिवस व्यथित करीत आली आहे.

ही भीती छळाची असते असे म्हणवत नाही. क्वचित ती तशीही असते आणि तिला क्षुल्लक लेखणे योग्य नव्हे. पण बहुतेकांच्या ठायी असते ती भीड, आणि भीड ही नेहमी ओळखीच्या माणसांचीच वाटते. येशूच्या ज्या शिष्याने, पेत्राने, गेथशेमाने बागेत येशूला धरायला आलेल्या सशस्त्र जमावासमोर तलवार उपसली, त्याच पेत्राला त्याच रात्री, अंगणात शेकोटीजवळ बसला असता, ‘तूही येशूबरोबर होतास ना?’ या एका दासीच्या साध्या प्रश्नाला खरे उत्तर देववले नाही. शिवाय आपल्या समाजात या भिडेला आणखी एक पदर आहे. ख्रिस्ती माणूस आपल्या प्रभूविषयी बोलू लागला की हा आता आपल्याला बाटवणार, अशी शंका ऐकणाऱ्याच्या मनात उभी राहते, आणि ती उभी राहील या कल्पनेनेच बोलणाऱ्याची वाचा बसते. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने स्वधर्माच्या प्रचाराची मोकळीक सर्वांना दिली आहे, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मोकळिकीची मर्यादाही स्पष्ट केली आहे: आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यास समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा नाही. मला ही मर्यादा जाचक तर वाटत नाहीच, उलट ख्रिस्ती माणसाच्या मनावरचे दुसऱ्याला जिंकण्याचे मोठे ओझे ती उतरवते, असे माझे मत आहे.

या भिडेचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. पुढे ख्रिस्ती झालेले लेखक बाबा पदमनजी तरुणपणी मुंबईस ज्या परमहंस सभेत वावरले, त्या सभेचे सभासद जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करीत, परंतु ते सारे बंद दाराआड. आणि १८६० साली सभासदांची यादी बाहेर पडल्याची वार्ता पसरताच सभाच विलयास गेली. बाबा त्याआधीच तेथून बाहेर पडले होते. १८५४ साली त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. गुप्तपणे बाळगलेले मत आणि उघडपणे स्वीकारलेली श्रद्धा यांतील अंतर ज्याला स्वानुभवाने कळले, असा त्यांच्याइतका स्पष्ट दाखला मराठीत विरळा.

परंतु मला अधिक जवळचा वाटतो तो कवी नारायण वामन टिळकांचा वृत्तान्त. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला. गप्पा निघाल्या त्या काव्याच्या. वादविवाद नाही, खंडनमंडन नाही. आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत हाती देऊन ती वाचण्याची विनंती केली. पुढे ती वाचता वाचता टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे त्यांचे मन गुंतले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.   त्या प्रवाशाने आधी कवीचे बोलणे ऐकून घेतले आणि मग आपल्याजवळचे जे उत्तम होते ते त्याच्यापुढे ठेवले. स्वतः टिळकांनीही पुढे हाच मार्ग धरला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. अभंगांतून लिहीत, कीर्तनांतून बोलत. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःच्या विचाराने.

तुकोबांचे देहू या कारखान्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्येष्ठात पालखी निघाली म्हणजे आकुर्डीस मुक्काम पडतो, आणि त्या दिवसांत पिंपरीच्या कारखान्यांतील कितीतरी कामगार रजेच्या अर्जात ‘वारी’ असे स्वच्छ लिहितात. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, आणि भेटेल त्याला ‘रामकृष्णहरी’. कोणाला जिंकावयाचे नाही, म्हणून कोणाची भीडही नाही. आम्हां ख्रिस्ती लोकांनी या वारकरी शेजाऱ्याकडून मोकळेपणा शिकावा असे मला मनापासून वाटते. आणि त्याच्याकडून तो शिकावयाचा तर प्रथम त्याच्या श्रद्धेविषयी त्यालाच विचारले पाहिजे, आणि तो सांगेल ते पुरते ऐकले पाहिजे. दुसऱ्याचा भाव ज्याने आदराने ऐकला, त्याला आपला भाव सांगताना भय उरत नाही, कारण आता तो परक्याशी बोलत नसतो.

चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. खंडेनवमीस तेथे यंत्रांची पूजा होते. हे गृहस्थ सकाळपासून चिंध्या आणि रॉकेल घेऊन यंत्राचा मेणचटपणा काढत असत, आणि हार घालण्याची वेळ आली की पाणी पिण्याच्या निमित्ताने नाहीसे होत. एका वर्षी शेजारच्या यंत्रावरील वारकरी मामांनी नारळ त्यांच्याच हाती दिला. टाळण्यास जागा राहिली नाही. ते म्हणाले, “मामा, नारळ तुम्ही फोडा. मी येशू ख्रिस्ताला प्रभू मानतो, हात त्यालाच जोडतो. पण मशीन पुसायला दर वर्षी मी आहेच.” आजूबाजूचे दोघेतिघे गप्प झाले. मामांनी नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि विचारले, “मग इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?”

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मोशी मागे पडून भोसरी येईपर्यंत दोघे बोलत होते, आणि त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ मामाच वारीविषयी सांगत होते. काही दिवसांनी मामांनी लूककृत शुभवर्तमान आपणहून मागून घेतले. ते वाचून त्यांचे काय मत झाले, हे त्या गृहस्थांनी त्यांना विचारलेले नाही. आता मामा पंढरपूरला गेले की गुरुवारी सुट्टी सोडून हे त्यांचे यंत्र सांभाळतात, आणि रविवारच्या पहिल्या पाळीसाठी यांच्या बदली अर्जावर मामांची सही असते. कारणाच्या रकान्यात ‘चर्चमधील उपासना’ असे लिहिलेले असते.