तारांकित प्रश्न
(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय विचारला तर म्हणाले, "तू पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहेस, एआयवर बोल." एआयवर सध्या सगळेच बोलतात. मी एका जुन्या उधारीवर बोलणार आहे.

आठवतं का, आपण नववीत असताना सरांनी अभिरूप संसद घेतली होती. बाकं समोरासमोर लावली होती. घंटा वाजवायच्या पितळी तबकडीवर लाकडी हातोडा मारून सभापती सगळ्यांना गप्प करत होते. मी परराष्ट्रमंत्री होते. आईची कॉटनची साडी नेसले होते आणि निऱ्या तीनदा सुटल्या होत्या. सरांनी आठवडाभर आधी सगळं शिकवलं होतं. तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर, त्यावर पूरक प्रश्न नाही. खऱ्या लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात आणि नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी लागते. आपल्याकडे नोटीस मधल्या सुट्टीत मिळायची.

त्या वर्षीच्या जानेवारीत नेल्सन मंडेला प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत पाहुणे म्हणून आले होते. म्हणून आपल्यातल्या एका विरोधी पक्षाच्या खासदाराने विचारलं, "दक्षिण आफ्रिकेत आपल्या लोकांवर इतकी वर्षं अन्याय झाला. भारत सरकारने काय केलं?" मला काहीच येत नव्हतं. मी सरांकडून ऐकलेलं वाक्य ठोकून दिलं, "सदर माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." सगळा वर्ग हसला. सरसुद्धा हसले आणि म्हणाले, "ही खरी मंत्री होणार." ती माहिती मी कधीच ठेवली नाही.

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात एक फोटो होता. जाड मिशा, डोक्यावर पगडी. लोकनायक बापूजी अणे. जन्म आपल्याच वणीतला, १८८० चा. जयंतीला आपण त्या फोटोला हार घालायचो. मला त्यांच्याबद्दल दोन गोष्टी माहीत होत्या. ते टिळकांचे अनुयायी होते आणि १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून तुरुंगात गेले होते. वकिली यवतमाळला. बस्स.

तीनेक वर्षांपूर्वी वेगळ्याच कामासाठी वाचत असताना कळलं की ज्या खुर्चीचं मी नववीत नाटक केलं, तिच्या अगदी शेजारच्या खुर्चीत आपल्या गावचा हा माणूस खरोखर बसला होता. १९४१ मध्ये व्हाइसरॉयने आपलं कार्यकारी मंडळ वाढवलं आणि त्यात अण्यांना घेतलं. खातं होतं परदेशस्थ भारतीयांचं. परराष्ट्र खातं स्वतः व्हाइसरॉयकडे. ते कुणा भारतीयाला मिळणार नव्हतं. पण सिलोनचे मळेवाले मजूर, ब्रह्मदेशातले हमाल, दक्षिण आफ्रिकेतले आपले दुकानदार, यांच्याबद्दल मध्यवर्ती विधिमंडळात कुणी प्रश्न विचारला की उत्तर अण्यांच्या खात्याने द्यायचं. पुढे हेच खातं नाव बदलून नेहरूंकडे आलं आणि स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र खात्यात विरघळलं.

त्यांनी खुर्ची घेतली आणि काही महिन्यांतच जपान ब्रह्मदेशात शिरला. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. चार-पाच लाख भारतीय तिथून निघाले. काही बोटीने आले, पण बहुतेक जण पायी. अराकानमधून, मणिपूरच्या डोंगरांतून, पावसात, पटकी आणि मलेरियाने मरत मरत. किती हजार गेले याचा नीट हिशेब कुणीच ठेवला नाही. आणि त्या वाटांवरही दोन वर्ग पडले होते. गोऱ्या लोकांसाठी त्यातल्या त्यात बरी वाट, बऱ्या छावण्या. भारतीयांसाठी दुसरी. लोक त्यांना गोरा रस्ता आणि काळा रस्ताच म्हणत. हे का, असं सभागृहात विचारलं जात होतं, वर्तमानपत्रांत विचारलं जात होतं. उत्तर द्यायला अणे. जहाजं, लष्कर, ब्रह्मदेशचं सरकार यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. आमच्या धंद्यात अशी एक जागा असते. सर्व्हर दुसऱ्याचा, चूक तिसऱ्याची आणि ग्राहकाच्या फोनवर मात्र तुम्ही. मी त्या जागेवर चार वर्षं काढली आहेत, म्हणून मला त्यांची थोडी दया आली.

पण ती दया फार टिकली नाही, कारण पुढे चिमूर येतं.

चिमूर आपल्याला काही लांब नाही. वरोऱ्यावरून एसटीने दोन-अडीच तास. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, तिथे गोळीबार झाला, माणसं गेली, चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकारी मारले. तीन दिवसांनी लष्कर आणि पोलीस गावात आले. पुरुषांना पकडून नेलं आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार केले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात 'आष्टी-चिमूर' असा एक जोडशब्द होता आणि दोन गुणांसाठी तो पाठ करायचा होता. बायकांचं त्यात काही नव्हतं. सर, ही तक्रार तुमच्याबद्दल नाही, पुस्तकाबद्दल आहे.

सेवाग्रामच्या आश्रमातले प्राध्यापक भन्साळी या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून दिल्लीला गेले. गेले कुणाकडे? अण्यांकडे. कारण मंडळात बसलेला आपल्या भागातला माणूस तोच. नोव्हेंबर १९४२ चा सुरुवातीचा काळ. चौकशीचं आश्वासन मिळेना, तेव्हा भन्साळी अण्यांच्या बंगल्यावरच उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना तिथून उचलून परत पाठवलं. मग ते चिमूरकडे पायी निघाले, पुन्हा पकडले गेले, पुन्हा निघाले. उपोषण त्रेसष्ट दिवस चाललं, १२ जानेवारी १९४३ ला सुटलं.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी बराच वेळ तशीच बसून होते. परदेशातल्या भारतीयांना माणसासारखं वागवा असं जगाला सांगायची ज्याची नोकरी, त्याच्या दारात त्याच्याच मुलखातल्या बायकांचा प्रश्न येऊन बसला, आणि तो प्रश्न पोलिसांनी उचलून नेला. अण्यांच्या मनात त्या दिवशी काय होतं ते मला ठाऊक नाही. महिनाभरानंतर, फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. हे मोठंच होतं. पण गांधींसाठी दिलेला राजीनामा चिमूरसाठी का नाही दिला, हा माझा पूरक प्रश्न आहे आणि तो मी आपल्या गावच्या फोटोलाही विचारणार. हार घालते, पण विचारणार.

आता ते वेगळं काम कोणतं, ते सांगते. आपल्यातल्याच एकीची परवानगी घेतली आहे.

तिचा धाकटा भाऊ वेल्डर. इथे कोळसा खाणींच्या वर्कशॉपमध्ये ठेकेदाराकडे काम करायचा. एका एजंटामार्फत आखातात गेला. पोचल्या दिवशी मालकाने पासपोर्ट काढून घेतला. सहा महिने पगार नाही. तिने मला फोन केला. म्हणाली, "तुले कॉम्प्युटरचं समजते, कुठं तक्रार करा लागते ते पाहून सांगजो न वं." मी म्हटलं, "माहिती घेऊन सांगते."

मग माझं रिलीज आलं, मुलाची परीक्षा आली. तीन आठवडे गेले. तिने पुन्हा फोन केला नाही. मीच एका रविवारी लाजून केला. तोवर तिचा भाऊ ज्या खोलीत राहायचा तिथली वीज तोडली होती आणि फोन चार्ज करायला तो मशिदीबाहेरच्या प्लगवर जायचा. नववीतलं माझं वाक्य मला तेव्हा आठवलं. वर्ग हसला होता. ती हसली नव्हती, एवढंच.

त्या रात्री परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार भरली. वकिलातीला लिहिलं, आपल्या खासदारांच्या कार्यालयात पत्र दिलं. आणि लोकसभेत असे प्रश्न विचारले जातात का, म्हणून शोधत बसले. विचारले जातात, भरपूर. आखातातल्या कामगारांचे थकलेले पगार, अडवलेले पासपोर्ट, परदेशी तुरुंगांत असलेले भारतीय. बहुतेक अतारांकित. उत्तरं एका साच्याची असतात. (क) ते (घ), मग 'विवरणपत्र सोबत जोडले आहे', मग तक्ता. देशाचं नाव, समोर आकडा. एका उत्तरात त्याच्या देशासमोर जो आकडा होता, त्यात एक तो असणार, हे मला तारखांवरून कळत होतं. मी तो आकडा तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिने विचारलं, "यात त्याचं नाव कुठं हाये?"

नाव असलेलं उत्तर मी एकदाच ऐकलं आहे. डिसेंबर २०१७. कुलभूषण जाधवांची आई आणि पत्नी त्यांना पाकिस्तानात भेटून आल्या, तेव्हा सुषमा स्वराज यांनी २८ तारखेला दोन्ही सभागृहांत निवेदन केलं. मंगळसूत्र, टिकली, बांगड्या काढायला लावल्या, कपडे बदलायला लावले, आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही, ती बोलू लागली की इंटरकॉम बंद करत. आईच्या गळ्यात मंगळसूत्र न दिसल्यावर मुलाने सगळ्यात आधी वडिलांची चौकशी केली, हेही त्यांनी सांगितलं. माझी आई टीव्हीसमोर पोळ्या लाटत होती. तिला आंतरराष्ट्रीय कायदा समजत नाही. पण तिने लाटणं खाली ठेवलं.

मैत्रिणीचा भाऊ चौदा महिन्यांनी परत आला. वकिलातीने दिलेल्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावर, एका पिशवीनिशी. पगार मिळाला नाही, अजूनही नाही. माझ्या अर्जामुळे आला, की पत्रामुळे, की मालकच कंटाळला, हे सांगता येत नाही. तीन आठवडे आधी अर्ज केला असता तर तीन आठवडे आधी आला असता का, हेही नाही. आता तो इथेच स्टँडजवळ ग्रिलचं दुकान चालवतो. आपल्या या मांडवाची कमान त्यानेच केली आहे.

घंटा वाजायच्या आत उधारी फेडते. सन्माननीय सदस्यांनी नववीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं. अण्यांनंतर हे खातं नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे आलं. तिकडे १९४३ मध्ये डरबनच्या भारतीयांना गोऱ्यांच्या वस्तीत जागा घ्यायला बंदी करणारा कायदा झाला. डॉक्टरांनी १९४४ मध्ये परतफेडीचा कायदा लावून भारतातल्या दक्षिण आफ्रिकी गोऱ्यांवर तशीच बंधनं घातली. १९४६ मध्ये भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. ८ डिसेंबर १९४६ ला ठराव बत्तीस विरुद्ध पंधरा मतांनी मंजूर झाला. विजयालक्ष्मी पंडित तिथे लढल्या. भारत तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. यानंतरही वर्णभेद जायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

अणे १९५९ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, नागपुरातून लोकसभेत गेले, १९६२ ला पुन्हा निवडून आले. आता ते प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाकावर होते आणि परराष्ट्र खात्याची उत्तरं द्यायला नेहरू. तिबेट आणि चीनची वर्षं होती ती.

माहिती पटलावर ठेवली आहे, सर. प्रश्न विचारणारे सदस्य तिसऱ्या रांगेत, फेट्यात बसले आहेत. त्यांचे पूरक प्रश्न मला दिसताहेत, पण स्वयंपाकवाल्यांनी दोनदा खूण केली आहे. भाकरी गरम आहे तोवर जेवून घेऊ, मग विचार रे बाबा.